डावखुऱ्याची स्वस्त कार्डं

ज्या गोलंदाजाची कार्डं मी जमवली त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तरी दहातल्या नऊ जणांना तो आठवणार नाही, आणि दहावा म्हणेल, "अच्छा, तो होय! तो काय खेळला असा?" फार नाही खेळला. डावखुरा, मध्यमगती, सगळ्यात शेवटी फलंदाजीला येऊन लगेच परत जाणारा. थोडे दिवस देशाकडून खेळला, मग त्याचा खांदा गेला आणि मग पेपरातलं त्याचं नावही गेलं.

त्यामुळे त्याची कार्डं स्वस्त. जुनी क्रिकेट कार्डं विकणाऱ्यांचे मोबाइलवर गट असतात, तिथे मोठमोठ्या फलंदाजांच्या कार्डांवर माणसं तुटून पडतात. माझा माणूस कोणालाच नको असतो. एका विक्रेत्याने तर मला कळवलं, "सर, तुमचा बोलर मी दुसऱ्या कार्डांबरोबर फुकट टाकतो, फक्त पोस्टाचं बघा." मला भयंकर राग आला. फुकट म्हणजे काय? मी मुद्दाम चहाच्या किमतीएवढे पैसे त्याला पाठवले आणि वर दोन खरमरीत वाक्यंही लिहिली. पन्नाशीकडे झुकलेला, महाडातल्या शाळेत मराठी शिकवणारा माणूस एका विसरलेल्या गोलंदाजाच्या मानापमानावरून अनोळखी माणसाशी भांडतो, हे लोकांना सांगण्यासारखं नाही. पण भांडलो खरा.

हे सगळं मी दादासाठी सुरू केलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्याने डायलिसिसला यावं, येत राहावं, याखेरीज त्या काळात मला दुसरं काही नको होतं. कार्डं हे त्याला दवाखान्याच्या खाटेपर्यंत आणण्याचं माझं साधन होतं, असं मी समजत होतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. थोडी घरं, पुष्कळ शेळ्या, आणि उतारावर नाचणी-वरी. शाळेसाठी आम्ही दोघं रोज खाली उतरायचो. बाजारातल्या पोरांकडे च्युइंगगमबरोबर मिळणारी कार्डं असायची. एका बाजूला खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे: किती सामने, किती धावा, किती बळी. खेळ सोपा होता. एकाने आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. आमच्या माणसाचा एकही आकडा मोठा नव्हता. ज्याच्या वाट्याला तो येई तो पोरगा कपाळावर हात मारी आणि कार्ड भिरकावून देई. दादा ते उचलून चड्डीला पुसायचा आणि पुस्तकात ठेवायचा.

पुढे पोरं शहाणी झाली. ह्याला हे लागतं म्हटल्यावर त्यांनी किंमत लावली. मग आम्ही डोंगरातली करवंदं पळसाच्या द्रोणात भरून न्यायला लागलो. एका द्रोणाला एक कार्ड. करवंदांना आम्हाला काट्यांच्या ओरखड्यांपलीकडे काही पडत नव्हतं, त्यामुळे आमच्या हिशेबाने ते फुकटच होतं, आणि बाजारच्या पोरांना वाटायचं की त्यांनी आम्हाला गंडवलं. दोन्हीकडचे खूश असा व्यवहार मी नंतर आयुष्यात फारसा पाहिला नाही.

हाच का आवडावा, असं मी दादाला एकदा विचारलं होतं. स्टँडसमोरच्या दुकानात टीव्ही होता. बाहेरच्या पायरीवर उभं राहून आम्ही त्याला गोलंदाजी करताना पाहिलं होतं. तो सरळ धावत नसे. उतारावरून शेळीमागे उतरणारा माणूस पळतो तसा जरा तिरका तिरका यायचा, आणि डावा हात कानाला घासून वर जायचा. दादा म्हणाला, "आपल्यासारखाच टाकतोय रे, बारक्या." आपल्यासारखा म्हणजे दादासारखा. मी उजवा, आणि मला काहीच टाकता येत नव्हतं.

पावसाळ्यात आमच्याकडे धुकं घरात येऊन बसतं. चपलेला, पट्ट्याला, वहीला, सगळ्याला बुरशी. आई बियाणं आणि सुकट चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायची, धुरात. दादाने तेच केलं. कार्डं डब्यात घालून, हवा लागावी म्हणून डब्याला खिळ्याने भोकं पाडून, डबा सुकटीशेजारी ठेवला. बुरशी एकालाही लागली नाही. गणपतीच्या सुमाराला डबा खाली काढला तेव्हा आमचा गोलंदाज विडीच्या पानाच्या रंगाचा झाला होता आणि त्याला बोंबलाचा वास येत होता. बाजारातली पोरं लोळून लोळून हसली. दादाही हसला, पण नंतर बराच वेळ तो कार्डं गाईने वासराला चाटावं तशी पुसत बसला होता. त्यातली काही पुढे एका करडाने खाल्ली. उरलेली घरावर पत्रे घालताना कुठे गेली कोणास ठाऊक.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. दादा जन्मजात डावखुरा होता आणि आमच्या घरात डावा हात चालत नसे. जेवताना त्याचा डावा हात ताटाकडे आला की आई त्यावर पळी मारायची. "डावा हात अन्नाला लावतात होय रे?" काही दिवस तिने तो लुगड्याच्या चिंधीने पाठीशी बांधूनही ठेवला होता. शाळेत गुरुजींनी लिहिण्याचं तेच केलं, फक्त पळीच्या जागी पट्टी. दादा शेवटी उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला शिकला. अक्षर कायम मुंगी शाईतून चालल्यासारखं, पण उजव्या हाताचं. आईला या गोष्टीचा फार अभिमान होता. पोराला वळण लावलं, असं ती आल्यागेल्याला सांगायची. वळण या दोन कामांपुरतंच लागलं. कोयता, दगड, चेंडू, ओझं, शेळीचं शिंग, सगळं डाव्यानेच. त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण त्याला कोणी वळण समजत नव्हतं.

त्या डाव्या हातावर आमच्या वाडीने टेनिसच्या चेंडूचे कितीतरी सामने जिंकले. बक्षिसात मिळालेला बोकड एकदा सगळी वाडी जेवली. पुढे काही झालं नाही, आणि होणार नव्हतंच. दहावीनंतर दादा बिरवाडीत खोली घेऊन राहिला आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागला. गोणी उचलायच्या, रिकामी पिंपं हलवायची. मला त्यानेच पुढे शिकवलं. मी मास्तर झालो त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीला होता, म्हणून पेढा त्याने गेटवरच खाल्ला. उजव्या हाताने.

बरीच वर्षं गेली. आई गेली. दादाच्या पायांवर सूज यायला लागली, तोंडाला चव राहिली नाही, आणि एक दिवस तो बिरवाडीच्या बसथांब्यावरच बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या. काम सुटलं, खोली सुटली, तो वैनीला घेऊन परत वाडीत शेळ्यांकडे गेला. डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी हातात एक छोटं ऑपरेशन करून शीर तयार करावी लागेल. फिश्चुला म्हणतात तिला. ज्या हातात ती करतात त्या हाताने पुढे वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, त्यावर झोपायचंही नाही. म्हणून ती कमी वापराच्या हातात करतात.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "लिहिता-जेवता कोणत्या हाताने?"

"उजव्या," दादा म्हणाला. लगेच म्हणाला, आणि जरा छाती काढून म्हणाला. समोर शिकलेला माणूस बसला होता आणि आईने लावलेलं वळण त्याच्यापुढे मांडायची ही वेळ होती. मी शेजारीच बसलो होतो. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. जेवण्या-लिहिण्याचा हात म्हणजे चांगला हात, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात लहानपणीच पक्कं बसलं होतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि दादाच्या डाव्या मनगटावर पेनने खूण केली. त्यांची काही चूक नव्हती. विचारायचं ते त्यांनी विचारलं होतं.

दादाला कळलं ते टाके काढल्यावर, वाडीत गेल्यावर. गवताचा भारा उचलायला गेला आणि वैनी ओरडली. कोयता घेतला, वैनी ओरडली. शेळी बांधावर चढली म्हणून दगड उचलला, तेव्हा त्याने तो स्वतःच खाली टाकला. पुढच्या खेपेला महाडला आला तेव्हा मला म्हणाला, "बारक्या, चुकीचा हात दिला रे." मला आधी समजेचना. मग समजलं. उजव्या हाताला येणारी कामं दोनच होती. लिहायला त्याला काही उरलं नव्हतं आणि जेवणावर डॉक्टरांची बंधनं होती.

त्यानंतर तो टाळाटाळ करायला लागला. कधी एसटी चुकली, कधी शेळी व्यायली, कधी पाऊस. मशीनची एक पाळी चुकली की अंगात पाणी साठायचं, दम लागायचा, मग वैनीचा फोन आणि माझी धावपळ. मी ओरडायचो. तो फोन ठेवून द्यायचा. मास्तरकीत पोरांना ओरडून काही होत नाही हे मला पंचवीस वर्षांत समजलेलं आहे, तरी ओरडल्याशिवाय राहवत नाही.

अशातच एकदा मोबाइलवर ते कार्ड दिसलं. तोच फोटो, डावा हात कानाला घासून वर, मागे तेच लहान लहान आकडे. धुराने न काळवंडलेला आमचा माणूस मी इतक्या वर्षांनी पुन्हा बघत होतो. मागवलं आणि दादाच्या पुढच्या पाळीला शर्टाच्या खिशातून काढून त्याच्या पोटावर ठेवलं.

मशीन चालू होतं. डावा हात पसरून ठेवलेला, त्यात दोन जाड सुया. त्याने उजव्या हाताने कार्ड उचललं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. "वास नाय येत," तो म्हणाला. आणि हसला. कित्येक महिन्यांनी हसला. मशीन लावणारा मुलगाही बघायला आला. दादाने त्याला सुकटीची सगळी गोष्ट सांगितली, करडाने खाल्लं तिथपर्यंत. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाताना मी उगाच चवदार तळ्याला एक चक्कर मारली आणि मग घरी गेलो.

तेव्हापासून प्रत्येक पाळीला एक कार्ड. आधी सांगायचं नाही, काढून फक्त पोटावर ठेवायचं. मी फोनवर म्हणायचो, "दादा, उद्याचं भारी आहे, ये." आणि तो यायचा. पोलादपूरहून सकाळच्या गाडीने, मफलर गुंडाळून, वैनीबरोबर. "परत फर्स्ट शिफ्टला लागलो," असं म्हणायचा. मी शाळेतल्या तासांची अदलाबदल करून त्याच्याजवळ बसायचो. मार्चमध्ये तळ्यावर माणसं लोटतात, रस्ते बंद होतात, तेव्हाही गर्दीतून चालत तो दवाखान्यात आला. मी मनात म्हटलं, जमलं.

अडचण अशी की आमचा माणूस थोडेच दिवस खेळला होता. त्याचे फोटोच मुळी दोन-तीन. सगळ्या कंपन्यांनी तेच फिरवून फिरवून छापलेले. कुठे कडा निळी, कुठे पिवळी, एवढाच फरक. काही आठवड्यांतच मी तेच तेच कार्ड न्यायला लागलो. दादा तरी घेत होता. "ह्याची कडा येगली हाय," असं म्हणून उशाशी ठेवत होता. मी आणखी मागवत होतो. प्रत्येकात तोच हात वर. सुया टोचलेल्या डाव्या हाताच्या माणसाला मी आठवड्यातून तीनदा एक वर गेलेला डावा हात नेऊन दाखवत होतो, आणि त्यात मला काही खटकत नव्हतं.

मग कुत्र्याचं झालं. वाडीत भटकी कुत्री शेळ्यांच्या करडांवर येतात. दादा दारात बसलेला असताना एकाने करडाची मान धरली. दादाने दगड उचलला आणि मारला. डाव्याने. कोणी विचार करून दगड मारत नाही.

दोन दिवसांनी पाळीला आला तेव्हा मशीन लावणाऱ्या मुलाने शिरेवर बोटं ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला. त्या शिरेत रक्ताची घरघर हाताला लागते, मांजर घुरघुरतं तशी. ती लागत नव्हती. शीर बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले की दगडानेच झालं असं नाही, त्या हातावर झोपल्यानेही होतं, रक्तदाब उतरल्यानेही होतं. दादाने ते ऐकूनच घेतलं नाही. त्याचं ठाम मत होतं की दगडाने झालं. तसं म्हणताना त्याच्या तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

"लागला का?" मी विचारलं.

"लागला रे. पेकाटात. केकाटत खाली गेला तो परत आला नाय."

त्या दिवशीचं कार्ड मी काढलं. त्याने पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "ह्याचा पन हात गेला ना?" तो म्हणाला. "पन ह्याचा बॉल टाकून टाकून गेला. माजा बसून बसून गेला असता."

तात्पुरती मानेत नळी घातली आणि पाळी झाली. नळी फार दिवस ठेवता येत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता नवी शीर उजव्या हातात करावी लागेल, त्यासाठी पनवेलकडे जावं लागेल, चिठ्ठी देतो. मी दादाला सांगितलं. तो छताकडे बघत होता.

"मंग जेवू कशानं?" तो म्हणाला.

मी समजावलं. जेवायला काही होत नाही, घास उचलायला कसला जोर लागतो, फक्त वजन उचलायचं नाही. डावा हातही आता मोकळा होईल, त्याने काम करता येईल, उलट बरंच आहे की! मास्तर असल्यामुळे माझ्याकडे मुद्द्यांची कमतरता नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एक हात दिला," तो म्हणाला. "दुसरा नाय देनार. तेवढ्याला आयने वळण लावलेलं हाय."

पुढच्या पाळीला तो आला नाही.

मी वाडीत गेलो. आता वाडीपर्यंत रस्ता झाला आहे, जीप जाते. बरोबर मी सगळी कार्डं घेतली होती, प्लास्टिकच्या पाकिटांत एकेक घालून, नीट लावून. आणि एक नवीन होतं. पुष्कळ शोधून मिळालेलं, अगदी वेगळ्या फोटोचं. त्यात तो गोलंदाजी करत नव्हता. सीमारेषेजवळ गवतावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, टोपी डोळ्यांवर. विक्रेत्यालाही त्याची किंमत कळली नव्हती. मला वाटलं, हे बघून दादाला काहीतरी होईल. काय होईल ते मला सांगता आलं नसतं.

दादा पडवीत पेंढ्याजवळ बसला होता. चेहरा सुजलेला, पायही. मानेला पट्टी. वैनीने मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमीच सांगा आता. माजं आयकत नाय." मी कार्डं त्याच्यापुढे मांडली. सगळी. अंगणात पापड वाळत घालावेत तशी. आणि ते नवीन त्याच्या हातात दिलं.

त्याने ते बराच वेळ पाहिलं. "बसलाय," तो म्हणाला.

"हो ना. हे कुठेच मिळत नाही, दादा. अजून एक आहे म्हणे असंच, हातात पाण्याची बाटली असलेलं. उद्या चल. चिठ्ठी तयार आहे. पनवेलला मी येतो बरोबर, शाळेत रजा टाकली आहे. तोवर मी ते दुसरं मागवतो."

"बारक्या," तो म्हणाला, "मला पोरासारखं चॉकलेट दाखवतोस होय रे?"

मी एक पाकीट उचलून शर्टाला पुसायला लागलो.

"पयली दोन-चार बरी वाटली. खरंच बरी वाटली. मंग तू खिशात हात घातलास का मी तुजं तोंड बघायचो. म्हटलं, ह्याचं मन मोडायला नको. शाळा सोडून येतोय." त्याने ते कार्ड बाकीच्यांवर ठेवलं. "मी कार्डासाठी नव्हतो येत. तुज्यासाठी येत होतो. आता नाय जमत रे."

मी चिडलो. मी खूप बोललो. वैनीसमोर बोलू नये ते बोललो. मी म्हटलं की मग माझ्यासाठीच ये, कार्डं खड्ड्यात जाऊ देत, माझ्यासाठी ये. मी हात जोडले, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता, डावा, ज्यात आता रक्ताची घरघर नव्हती. तो हात किती जड होता! तो मरायला निघाला आहे असं त्याच्या वागण्यात काही नव्हतं. तो फक्त कामावरून सुटला होता.

मी खाली उतरलो. कार्डं तिथेच राहिली की मी आणली, हे मला त्या वेळी कळलंही नाही. नंतर ती माझ्या पिशवीत सापडली. वैनीने भरून दिली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दवाखान्यातून कोणी बोलावलं नव्हतं. मीच तिथे गेलो. का गेलो, माहीत नाही. दादाच्या पाळीची वेळ होती आणि माझे पाय तिकडे वळले. त्याची खाट रिकामी होती, चादर बदललेली, मशीन पुसून ठेवलेलं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो, नेहमी बसायचो तसा. दारात एक बाई आपल्या नवऱ्याला धरून उभी होती. बिरवाडीकडची असावी. नवरा कंपनीच्या शर्टात होता, पाय सुजलेले, आणि तो खाटेकडे बघत होता.

मशीन लावणारा मुलगा माझ्याजवळ आला. "सर," तो म्हणाला, "दादा येतायत का? म्हणजे अजून वाट बघू आपण. पण हे यादीत कधीपासून आहेत. यांना घेऊ का?"

मी त्या माणसाकडे पाहिलं नाही. खाटेकडे पाहिलं. मी "थांबा जरा" म्हणालो असतो तर तो थांबला असता, माझा मान ठेवणारा मुलगा होता. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही.

"घ्या," मी म्हणालो.

मी स्टुलावरून उठलो, कारण ती जागा आता त्या बाईची होती. तेव्हा दादा वर वाडीत जिवंत होता आणि शेळ्यांपुढे पाला टाकत होता.